आमचे कागद, परक्याचे कुलूप

मंडळाच्या गेल्या मासिक बैठकीत एक ठराव आला. कार्यालयातले आणि वाचनालयातले मिळून सात संगणक मोडीत काढावेत आणि देणगी निधीतून सात नवे घ्यावेत. कारण काय, तर विंडोज १० ची मुदत संपली. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू स्वच्छ आहे, ते आमचे जुने सहकारी आहेत. तरीही या ठरावाला आमचा विरोध आहे. बैठकीत हा विषय पाच मिनिटांत उरकला गेला, म्हणून तो विरोध आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत. दरपत्रकातला आकडा आम्ही छापत नाही. वाचनालयाच्या तीन वर्षांच्या पुस्तकखरेदीपेक्षा तो मोठा आहे एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आधी एक अनुभव. गेल्या पावसाळ्यात आम्ही काही जण कार्यालयातले जुने कपाट आवरत होतो. त्यात एक सीडी सापडली. वर शाईने लिहिलेले : 'स्मरणिका, यादी'. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपल्या भागातून कोण तुरुंगात गेले, कोण लाठीमारात जखमी झाले, गाव कोणते, किती दिवस आत होते, याची ती यादी. खानापूर तालुक्यातल्या गावागावांत सायकलने फिरून कार्यकर्त्यांनी ती जमवली होती. त्यांतले निम्मे आज हयात नाहीत. सीडी चालली, फाईल उघडली, आणि पडद्यावर नावांच्या जागी डॉलरची चिन्हे, कंस, उलटी प्रश्नचिन्हे आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरे आली. एक नाव वाचता येईना.

कारण समजायला वेळ लागला नाही. ती यादी त्या काळच्या एका मराठी टंकलेखन पॅकेजवर केलेली. पॅकेजसोबत एक 'लॉक' येई. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी बसवायचे. लॉक नसेल तर पॅकेज उघडणार नाही. ते लॉक जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेले, आणि सापडले असते तरी ते लावायची जागाच नव्या संगणकांना नाही. कंपनीला फोन केला. उत्तर आले, नवी आवृत्ती विकत घ्या; जुन्या फाईली उघडतीलच अशी खात्री देता येत नाही.

म्हणजे यादी आपली, नावे आपली, तुरुंगवास आपला आणि वाचण्याची परवानगी मात्र दुसऱ्याची.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. बँकेतल्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. एकट्या बँकेला तुमचा लॉकर असाच उघडता येत नाही. ज्या लॉकरच्या दोन्ही किल्ल्या बँकेकडेच राहतात आणि वर भाडेही द्यायचे, असा लॉकर आमच्या शाखेत कोणी घेईल का? आपण सगळ्यांनी मात्र आपली निवेदने, ठराव, स्मरणिका आणि लग्नपत्रिकासुद्धा वीस-पंचवीस वर्षे अशाच लॉकरात ठेवल्या.

त्या काळी दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. संगणकाला मराठी अक्षरे जोडता येत नव्हती, म्हणून फाँट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. कुणी काना एका घरात ठेवला, कुणी दुसऱ्या. प्रत्येकाची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये नेला की खिचडी. पण प्रमाण अगदीच नव्हते असेही नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरवले होते. युनिकोडमधली देवनागरीची रचनाही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. विंडोज २००० पासून युनिकोड मराठी घरच्या संगणकावर येऊ लागले. त्यानंतरही कितीतरी वर्षे आपण जुनेच फाँट वापरत राहिलो, कारण छापखान्याला तेच हवे होते, टंकलेखकाच्या बोटांना तेच वळण होते, आणि विकणाऱ्याला गिऱ्हाईक सोडायचे नव्हते.

इथेच स्पर्धेचा मुद्दा येतो. बाजारात दहा दुकाने असली म्हणजे स्पर्धा आहे, असे आपण समजतो. मराठी फाँटची दहा पॅकेजे बाजारात होतीच की! पण एकदा एकाच्या दारातून आत गेलात की सगळा जुना मजकूर आतच ठेवून बाहेर यावे लागे. बाहेर पडण्याची किंमत एवढी जबर असेल तर दुकाने दहा असोत की शंभर, गिऱ्हाईक बांधलेलेच राहते.

उलट उदाहरण आमच्याच टेबलावरचे घ्या. धनादेश कोणत्याही बँकेचा असो, त्याचा आकार, खालची चुंबकीय शाईची पट्टी, तारखेची जागा हे सारे रिझर्व्ह बँकेच्या सीटीएस-२०१० या प्रमाणानुसार असते. ते प्रमाण कोणा एका बँकेच्या मालकीचे नाही. म्हणूनच एका बँकेचा धनादेश दुसऱ्या बँकेत वटतो, आणि म्हणूनच सेवा वाईट मिळाली तर ग्राहक खाते उचलून समोरच्या बँकेत जाऊ शकतो. तो जाऊ शकतो या भीतीनेच आम्ही काउंटरवर नीट बोलतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचे तेच आहे. त्यात दोन मोठ्या कंपन्यांचा वाटा फार वाढला, आणि तो ३० टक्क्यांच्या आत आणण्याची २०२० सालची मर्यादा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, हे खरे. पण आज एक ॲप काढून दुसरे टाकले तर तुमचे खाते, तुमचे पैसे आणि समोरच्याचा क्यूआर कोड सगळे जागच्या जागी राहते. दार उघडे आहे.

आता विंडोज १० चे पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची देखभाल थांबवली. नवी विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर तिने बाद ठरवले आहेत. आपल्या वाचनालयातले संगणक रोज सकाळी सुरू होतात, मुले त्यांवर टाईप करतात, निकाल बघतात. यंत्र बिघडलेले नाही. ते दुसऱ्या कोणीतरी जुने ठरवले आहे.

घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची डागडुजी देऊ असे कंपनीने जाहीर केले. त्यासाठी तीस डॉलर भरा, किंवा आपल्या संगणकाच्या जुळण्या त्यांच्या ढगात ठेवा, किंवा त्यांच्या बक्षीस योजनेचे गुण खर्च करा. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, आणि तिथल्या आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी पैशाची आणि बॅकअपची अट काढून टाकली गेली. तिकडे जे विनामोबदला देता येते ते इकडे का नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडणार नाही. तिथला ग्राहक संघटित आहे, आणि तिथे कंपनीला दंडाचा अनुभव आहे. २००४ साली युरोपीय आयोगाने याच कंपनीला मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल ४९.७ कोटी युरोंचा दंड केला होता. अमेरिकेत तर १९९८ साली खुद्द सरकारने खटला भरला. २००० मध्ये न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करा म्हणून आदेश दिला. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, पण बेकायदा मार्गांनी मक्तेदारी टिकवल्याचा ठपका कायम ठेवला.

आपल्या देशातही काही झाले नाही असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये तो कायम ठेवला. या प्रकरणात आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मित्रांनीही शिकण्यासारखे काही आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा, मुळाचा कोड खुला. पण त्यावर दुकान, नकाशे, शोधयंत्र यांची एकगठ्ठा अट लादली की खुल्या वाड्याला पुन्हा एकच दिंडी उरते. केवळ 'ओपन सोर्स' असा शिक्का पाहून हुरळून जाऊ नये. प्रश्न दर वेळी तोच विचारायचा : उद्या आम्हांला इथून उठून जायचे झाले तर आमचा माल घेऊन जाता येईल का?

लिब्रेऑफिसचा जन्म पाहा. ओपनऑफिस हा संच सन या कंपनीकडे होता. २०१० साली सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. काम करणाऱ्या मंडळींना नव्या मालकाचा भरवसा वाटेना, तेव्हा त्यांनी तोच कोड घेऊन त्याच वर्षी वेगळी चूल मांडली, ती लिब्रेऑफिस. वापरणाऱ्यांच्या फाईली दोन्हीकडे उघडत राहिल्या, कारण त्यांचे स्वरूप ओडीएफ हे होते आणि ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. मालक बदलला, गिऱ्हाईक उघड्यावर पडले नाही. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टने आपल्या फाईलींचे स्वरूपही प्रमाण म्हणून मान्य करून घेतले, २००८ साली. त्या वेळी भारतीय मानक संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये, दोन्ही वेळा विरोधात मत दिले होते. सरकारी खाते म्हटले की आपण नाक मुरडतो. या खात्याने त्या दिवशी ताठ मान ठेवली होती, याची नोंद असावी.

आता थोडे कडू बोलतो. आपण १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, फेरीत घोषणा देतो. फलकांवर मराठी हवी, उतारे मराठीत हवेत, परिपत्रके मराठीत हवीत, ही मागणी न्याय्य आहे आणि आम्ही ती सोडणार नाही. पण याच काळात समोरच्यांनी आपल्या भाषेसाठी काय केले, तेही उघड्या डोळ्यांनी बघावे. कन्नड गणक परिषदेने 'नुडी' तयार केले, राज्य सरकारने ते उचलून धरले, आणि ते लोकांना फुकट मिळाले. के. पी. राव यांनी बसवलेली कळफलकाची रचना राज्याने प्रमाण मानली. नुडीचे सुरुवातीचे फाँटही जुन्या पद्धतीचेच होते, त्यात दोष होते. पण पैसे नसलेल्या शाळामास्तराला कन्नड टाईप करता आले. केरळात २००२ पासून 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग'च्या स्वयंसेवकांनी आपल्या भाषेचे फाँट आणि साधने बनवून खुली केली, आणि तिथल्या सरकारी शाळांतली मुले लिनक्सवर शिकली. आपण त्या काळात काय केले? शेजारच्या दुकानातून चोरीची सीडी आणली.

या चोरीबद्दल बोलायलाच हवे, कारण 'आपल्याला विंडोज आणि ऑफिस फुकटच पडते' हा युक्तिवाद त्या बैठकीतही ऐकू आला, हळू आवाजात. आम्ही वाणिज्य शाखेचे. संभाव्य देणे ताळेबंदाच्या बेरजेत दिसत नाही, तळटिपेत दाखवावे लागते, हे आम्हांला कॉलेजात शिकवले गेले. आपल्या ताळेबंदाला ती तळटीप आजवर कोणी जोडलेली नाही. नोंदणीकृत संस्था आहे, वर्षाला लेखापरीक्षण होते, आपल्यावर डोळा ठेवून असणारे कमी नाहीत. न्यायाची मागणी करणाऱ्या संस्थेच्या कपाटात चोरीचा माल असावा, हे आम्हांस शोभत नाही. शिवाय चोरीच्या मालानेही मक्तेदारच पोसला जातो. पोराला लहानपणी त्याच्याच दुकानाची सवय लागते, आणि नोकरीला लागल्यावर तेच तो मालकाला विकत घ्यायला लावतो.

युनिकोडचा आणि राजकारणाचा संबंध काय, असे एका ज्येष्ठ सभासदाने विचारले. संबंध आहे. आमच्या माहितीतल्या एका कार्यालयात मराठी प्रत मागितल्यावर 'आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी येत नाही' असे उत्तर मिळाले आणि अर्जदार मुकाट्याने परत आला. युनिकोडमध्ये कन्नड आणि देवनागरी एकाच कागदावर, एकाच ओळीत राहतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठीचा 'क' ज्या कळीवर आहे, कन्नडचाही 'क' त्याच कळीवर आहे. तेव्हा 'सॉफ्टवेअरमध्ये येत नाही' या उत्तराला तांत्रिक आधार नाही. 'द्यायचे नाही' एवढाच त्याचा अर्थ. पण हे त्या कार्यालयात ठणकावून सांगायला आपले निवेदन तरी युनिकोडमध्ये हवे ना! आपण जुन्या फाँटमधल्या निवेदनाची फाईल ईमेलने पाठवतो, तिकडे ती डॉलर आणि कंसांत उघडते, आणि 'तुमचा अर्ज वाचता येत नाही' हे त्यांचे म्हणणे त्या दिवशी खरे ठरते.

अक्षरांच्या बारकाव्याचेही तसेच. 'ॲ' या मराठीच्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. विंडोजसोबत येणाऱ्या मंगल फाँटमधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. आपल्या वळणाचे नाहीत. बंद फाँटमध्ये ते आपल्याला बदलता येत नाही, तक्रार करून वाट बघायची. खुल्या परवान्याचे फाँट, जसे रेड हॅटने दिलेला लोहित किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, यांत जाणकाराला मन लावून दुरुस्ती करता येते आणि ती सगळ्यांना वाटता येते.

मग आमचे म्हणणे काय? सातपैकी सहा संगणकांवर लिनक्स टाकावे. मिंट किंवा उबंटू, दोन्हींपैकी काहीही. त्यावर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स. लिब्रेऑफिसचा पडदाही मराठीत करता येतो. सातव्यावर टॅली आहे. टॅलीला विंडोज लागते आणि कोषाध्यक्षांना टॅली लागते. तो एक संगणक रीतसर परवाना घेऊन नवा करावा, आमची हरकत नाही. छापखान्यात अजून पेजमेकर चालते, तिथेही आपला हुकूम चालणार नाही. पण या बातमीपत्राचा मजकूर यापुढे युनिकोडमध्ये लिहिला जावा आणि त्याची मूळ प्रत ओडीएफमध्ये मंडळाकडे राहावी. छापखान्याने पुढे काय करायचे ते करावे.

अडचणी येतील. एखादा जुना प्रिंटर रुसेल. नोकरीच्या जाहिरातीत 'एमएस ऑफिस' मागतात, मुलांचे काय होणार, हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्या घरातही दोन मुले आहेत. पण तक्ता करणे, बेरीज लावणे, पत्र बेतणे हे ज्याला एका जागी आले त्याला दुसऱ्या जागी आठवड्यात जमते. आमच्या बँकेत आजवर तीनदा सॉफ्टवेअर बदलले. दर वेळी पहिले पंधरा दिवस रांगा दारापर्यंत गेल्या, आणि नंतर पुन्हा सगळे सुरळीत झाले. पन्नाशीतल्या कारकुनाला जमले ते पंधरा वर्षांच्या पोराला जमणार नाही?

हे काम करायला वाचनालयात संध्याकाळी येणारी अभियांत्रिकीची तीन मुले तयार आहेत. एका संगणकावर आम्ही स्वतः दोन महिने लिनक्स वापरून पाहिले. हा लेख त्यावरच लिहिला आहे. पुढच्या बैठकीत मूळ ठरावावर ही उपसूचना आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी आधी येऊन त्या संगणकावर दहा मिनिटे बसून पाहावे आणि मगच हात वर करावा, बाजूने किंवा विरोधात.

राहिली ती यादी. स्वयंसेवकांनी लिहून खुला ठेवलेला एक फाँट-परिवर्तक त्या मुलांनी शोधून काढला आणि बहुतेक नावे परत मिळाली. जोडाक्षरांचा आणि रफारांचा मात्र चुथडा झाला. 'कुऱ्हाडे' आणि 'गुऱ्हाळकर' ही आडनावे ओळखण्यापलीकडची झाली. अशा नावांची दोन पाने अजून लागलेली नाहीत. ती छापील स्मरणिकेशी ताडून पाहायची आहेत, आणि मंडळाकडे तिची एकही प्रत उरलेली नाही. ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी. लगेच उतरवून घेऊन प्रत परत केली जाईल. कार्यालय रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडे असते, रविवारी सकाळीही.